उघडं विमान

“तुझं सूप जरा बाजूला घे. मला पाट पाहिजे,” मालक म्हणाले.

मी ओट्यावर उन्हात तांदूळ निवडत बसले होते. माघातली थंडी, ऊन सोडवत नव्हतं.

“पाटावर काय मांडताय? सत्यनारायण?”

त्यांनी पाट ओढला आणि त्यावर एक पुठ्ठ्याचा डबा ठेवला. सुतळीने बांधलेला, कडा उंदरांनी कुरतडलेल्या, वरच्या चित्रातलं निळं आभाळ पिवळं पडलेलं. कपाटावरून तो डबा खाली आलेला मी कैक वर्षांत पाहिला नव्हता.

“हा कशाला काढलात?”

“दिगूचं विमान आहे. आधी ते पुरं करतो. मग तुझा विधी.”

“माझा कशाला विधी? मी अजून धडधाकट आहे.”

“तू म्हणतेस तो,” ते म्हणाले आणि सुतळीची गाठ सोडायला बसले.

आत कुंदाचं शिलाई मशीन चालू होतं. डब्याचं झाकण निघालं तसं ते थांबलं. मला वाटलं, दोरा तुटला असेल.

दिगू आमचा एकुलता मुलगा, कुंदा त्याची बायको. शेंबडा होता तेव्हापासून दिगूला विमानाचं वेड. ते लागणारच. आमचं घर ओझरला, मालक विमानाच्या कारखान्यात पत्र्याला रिबिटा मारायचे आणि अंगणात नुसतं उभं राहिलं तरी डोक्यावरून विमान जायचं. पण हवाई दलाच्या तपासणीत डोळ्यांनी दगा दिला. दोनदा गेला, दोनदा परत आला. मग द्राक्षांच्या पॅकिंगला लागला, लग्न केलं, आणि लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच एके सकाळी “पिंपळगावला जाऊन येतो” म्हणून निघाला तो आलाच नाही. ना भांडण, ना चिठ्ठी. जेवणाचा डबा नेला होता, तोही गेला. पोलीस झाले, देवऋषी झाले, मनमाडच्या स्टेशनावर फोटो लावून झाले. लोक म्हणाले, आईच्या जिभेला कंटाळून पळाला. म्हणू देत. माझ्या जिभेला कंटाळून जायचं तर आधी मालक जायला हवे होते. ते तर जन्मभर समोर बसून जेवले, आणि दुसऱ्यांदा भाजी मागून घेतली.

बारा वर्षं माणसाचा पत्ता लागला नाही की तो गेला असं धरतात. पळसाच्या पानांचा माणूस करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, त्याला त्याचं नाव द्यायचं आणि अग्नी द्यायचा. ती बारा वर्षं त्या पौषात भरली होती. विधीची गोष्ट घरात काढली ती मी. मालकांच्या बहिणीने मला तोंडावर सांगितलं, “वहिनी, तुझं काळीज दगडाचं आहे.”

मी म्हटलं, “असू दे वन्सं. तुमचं लोण्याचं आहे, उन्हातून जपून जा.”

मला घाई होती ती कुंदासाठी. ती आमच्या घरात आली तेव्हा नुकती साडी नेसायला लागलेली पोर होती. दिगू गेल्यावर तिने बारा वर्षं त्याच्या नावाचं कुंकू लावलं आणि गावभरचे ब्लाउज शिवले. संक्रांतीला बायका हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन यायच्या, दारात अडखळायच्या, ही सवाष्ण धरायची की कोण, आणि मलाच बोलावून परत जायच्या. मी जायचे नाही. जिथे माझ्या सुनेला पाट नाही तिथे मी बसत नाही.

निफाडला एका दवाखान्यात यशवंत नावाचा कंपाउंडर होता. बायको बाळंतपणात गेलेली. मी स्वतः जाऊन माणूस बघून आले. घरात शिरले ती थेट मोरीकडे गेले. एकट्या बाप्याच्या घरातली मोरी, पण शेवाळाचा ठिपका नाही. त्याच वेळी माझं ठरलं. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की दुसऱ्याच्या नावाचं मंगळसूत्र गळ्यात असलेली बाई मी घरात कशी आणू? त्याचं चुकत नव्हतं. अक्षयतृतीयेला लग्न करायचं, विधी त्याच्या आधी उरकायचा, असं मी ठरवलं. कुंदा हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. मालक मात्र दर वेळी काहीतरी काढायचे. आधी म्हणाले थंडी ओसरू दे. मग गुडघा दुखायला लागला. आता हा डबा.

डबा दिगू लहान असताना आलेला. कारखान्यात तेव्हा रशियन साहेब असायचे. त्यातला एक मायदेशी परत जाताना मालकांना तो देऊन गेला. आत प्लास्टिकच्या चौकटींना लागलेले बारीक बारीक तुकडे, ते कापून जोडले की हातभर नाही पण वीतभर विमान. दिगू त्या डब्याभोवती मांजरासारखा फिरायचा. मालकांनी त्याच्या हाती कधी लागू दिला नाही. “आधी हात बसू दे, मग दोघं मिळून करू,” म्हणायचे. हात बसेपर्यंत पोरगा मोठा झाला, आणि डबा कपाटावरच राहिला.

सोबतच्या कागदावरची अक्षरं रशियन. मी दुसरीतून शाळा सोडलेली, पण त्या कागदापुढे मी आणि सगळे शिकलेले एकाच रांगेत. चित्रं होती, आणि चित्रं मला मालकांपेक्षा बरी कळत होती. चष्मा त्यांना होता, नजर मला होती. डब्यातली चिकटवायची बाटली वाळून खडा झाली होती. मालकांनी नळाच्या पायपाला लावतात ते सोल्युशन आणलं. घरभर असा वास, की दोन दिवस माझ्या वरणाला हिंग घातलाय की नाही ते कळेना.

आधी पंख झाले. वरचा आणि खालचा तुकडा जोडून, दाबून धरून, वाळवून त्यांनी पंख माझ्यापुढे केला.

“बघ.”

“काय बघू?”

“नीट बसलंय का ते.”

“तुम्ही बसवलंत, तुम्हीच बघा. सगळा जन्म त्याच कामात गेला.”

“आपलं काम आपण पास करायचं नसतं,” ते म्हणाले. “एकाने करायचं, दुसऱ्याने बघायचं. करणाऱ्याला चूक दिसत नाही. त्याला आपली मेहनत दिसते.”

मी सूप खाली ठेवलं आणि पंख उन्हाकडे धरला. “ही काय फट. मुंगी सहकुटुंब आत जाईल.”

“कुठंय?”

“चष्मा पुसा, दिसेल.”

त्यांनी भिंग लावून पाहिलं. फट होती. मुकाट्याने पंख उकलला, घासला, पुन्हा लावला. मग मी “पास” म्हणाले. कारखान्यात शिक्का मारतात म्हणे. आमच्याकडे शिक्का कुठला? मी बोटाने हळदीचा ठिपका लावला, आतल्या अंगाला, विमान झाल्यावर दिसणार नाही असा. त्यांना ते इतकं आवडलं की पुढे प्रत्येक तुकड्याला ठिपका मागायला लागले. मी पोळ्या लाटत असले तरी हातात काहीतरी घेऊन दारात उभे. “पास का?” “हात पिठाचे आहेत, थांबा.” थांबायचे.

काम थांबलं की ते अर्धवट विमान भिंतीवरच्या फळीवर ठेवायचे, नाक भिंतीकडे करून. मी एकदा धूळ पुसताना फिरवून ठेवलं, तर लगेच उठून त्यांनी ते सारखं केलं.

“काम चालू आहे तोवर नाक आत. शेडमध्ये घरी आलेलं विमान आहे हे. नाक बाहेर करतात ते सोडायच्या वेळी.”

“बरं. बाळंतीण आहे म्हणा ना.”

ते हसले. बऱ्याच वर्षांनी हसताना त्यांच्या पडलेल्या दाताची जागा मला दिसली. त्या दिवसांत ते दिगूबद्दल बोलायचे. शाळेच्या दप्तराला त्याने कसे पंख शिवून घेतले होते, वगैरे. मला माहीत असलेल्याच गोष्टी, पण मी पहिल्यांदा ऐकत असल्यासारखी ऐकायचे. माझ्या मनात एकच, की विमान पुरं होऊ दे, हा माणूस एकदाचा विधीला बसू दे. कुंदा त्या पाटाजवळ फिरकायची नाही. चहा आणून लांबूनच ठेवायची आणि मशीनवर जाऊन बसायची.

मग एके दुपारी मालकांनी मला हाक मारली. “सगुणा.”

नावाने ते मला फार क्वचित हाक मारायचे, बहुतेक ताप आला की. मी हात पुसत बाहेर गेले.

“पायलट नाही,” ते म्हणाले.

विमानाचं धड दोन फाळींचं होतं, शेंगेसारखं. बसायची जागा एका फाळीत आतून लावायची, तिच्यावर पायलट बसवायचा, मग दुसरी फाळ वरून मिटायची. कागदावरच्या चित्रात तो होता, डोक्याला टोप घातलेला, हात गुडघ्यांवर. डब्यात नव्हता.

आम्ही सगळं घर पालथं घातलं. चटया झटकल्या, केराची सुपली चाळली. मालक टॉर्च घेऊन खाटेखाली शिरले, त्यांना बाहेर काढायला मला पाय ओढावे लागले. मी त्या वयात गुडघ्यांवर रांगून मशीनखाली, पेटीमागे हात घातला. कुंदा दाराला टेकून बघत उभी होती.

“उंदराने नेला असेल,” मी शेवटी म्हटलं. “नसला म्हणून काय अडतंय? लहानसा तर तुकडा. करा बंद.”

“नाही करता येत.”

“का?”

“कारखान्यात एक पाना जरी कमी भरला तरी विमान बंद करत नाहीत. मोठे साहेब येवोत नाहीतर आणखी कोणी येवो. तो पाना आत कुठे राहिला असेल तर वर गेल्यावर माणूस मरतो. सापडेपर्यंत विमान उघडं.”

“हा कारखाना नाही. आणि यात बसून कोणी वर जाणार नाही.”

त्यांचं लक्षच नव्हतं. त्यांनी रिकामी चौकट उचलली आणि भिंगाखाली धरली. एका जागी बोट ठेवलं. “हे बघ. हा तुटून पडलेला नाही. ब्लेडने कापलाय. किती सफाईने कापलाय बघ.”

मी पाहिलं. कापलेलंच होतं, कडेला जराही ओरखडा नव्हता. डब्याला इतक्या वर्षांत आमच्या दोघांचा हात लागलेला नव्हता.

मालक हळूच भिंतीला टेकले. त्यांचा चेहरा असा उजळत गेला की मला भीती वाटली.

“दिगूने घेतलाय,” ते म्हणाले. “जाताना. बरोबर घेऊन गेलाय तो.”

मी चौकट पुन्हा उन्हाकडे धरली.

“अगं, मरायला निघालेला माणूस खेळणं बरोबर घेतो का? सांग ना.”

खोटं कशाला सांगू, क्षणभर मलाही ते खरं वाटलं. कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी खोलीत, खिडकीच्या कठड्यावर ठेवलेला तो एवढासा माणूस मला दिसला सुद्धा. मग मी उठून भाकरी थापायला गेले.

त्या दिवशी मालकांनी एक भाकरी जास्त खाल्ली. कुंपणापाशी उभं राहून शेजाऱ्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाले, “गुरुजींना निरोप पाठव. विधी नाही करायचा.”

“आणि कुंदा?”

“तिचा नवरा जिवंत आहे.”

“एका प्लास्टिकच्या बाहुलीवरून तुम्ही हे ठरवलं?”

“विमान उघडं आहे. उघडं विमान सोडत नाहीत.”

“सोडा नाहीतर त्याचं लोणचं घाला. ती पोर तिशी ओलांडून गेली. तुम्ही वाट बघा, तुमचा मुलगा आहे. तिने कुठवर बघायची?”

“तू आई असून असं बोलतेस?”

“आई आहे म्हणूनच बोलते. मी त्याला जन्म दिला, म्हणून तिचा जन्म गिळायचा हक्क मला मिळाला नाही. तुम्हालाही नाही.”

त्यांनी तोंड फिरवलं. त्यांची ती रीत मला माहीत होती. भिंतीशी बोलून काही उपयोग नव्हता. निफाडला काय सांगायचं याचा विचार करत मी स्वयंपाकघरात आले. कुंदा चुलीपाशी होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, “आत्याबाई, राहू द्या. मामांना बरं वाटतंय तर राहू द्या. मला कुठे जायची घाई आहे?”

मी तिच्या पाठीकडे बघत राहिले. ही पोर घरात सुई पडली तरी मिळेपर्यंत फरशीला नाक लावून शोधणारी. आदल्या दिवशी आम्ही दोन म्हातारी माणसं रांगत होतो आणि ही दाराला टेकून उभी होती. वाकली नाही. मग मला पहिल्या दिवसाचं मशीन आठवलं, झाकण निघताना थांबलेलं. दोरा तुटलेला नव्हता.

दुपारी मालक दळण घेऊन गिरणीत गेले. मी मशीनपाशी जाऊन चाकावर हात ठेवला.

“कुठे आहे तो?”

“कोण?”

“माझ्याशी सोंग नको. मी सासू आहे, मावशी नाही.”

तिने हातातलं कापड खाली ठेवलं. मग उठली, आपली पेटी उघडली आणि कुंकवाचा करंडा काढला. बोट आत घातलं. कुंकवात पुरलेला होता तो. करंगळीच्या पेराएवढा, हात गुडघ्यांवर, टोपापासून पायापर्यंत लाल.

“लग्नानंतर पहिल्यांदाच इतकी लांब राहिले होते,” ती म्हणाली. “माहेरी जायचं म्हणून सारखी रडायचे. तुम्ही बाजारात गेला होतात. त्यांनी कपाटावरून डबा काढला आणि हा कापून माझ्या हातात दिला. म्हणाले, हा तुझ्यापाशी ठेव. पायलटच नाही तर विमान जाणार कुठे? मी तुला सोडून कुठे जात नाही.”

बाहेर कोणाची तरी सायकल गेली. ती जाईपर्यंत कुंदा थांबली.

“हा इथेच होता, आत्याबाई. आणि ते गेले.”

मी चाकावरचा हात काढून घेतला.

“मामांना का सांगितलं नाहीस?”

“कसं सांगू? हा दिला की त्यांचा दिगू गेला. नाही दिला तर निदान त्यांच्यापुरता तरी आहे.”

“आणि नाही दिला तर तू जातेस.”

“मी कुठे जाते? मी आहेच इथे.”

“तेच म्हणते मी,” मी म्हणाले.

तिने माझ्या डोळ्यांत पाहिलं. मग माझा हात ओढून त्यावर तो ठेवला आणि करंड्याचं झाकण लावलं. रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

मी पदराच्या टोकाने तो पुसला. अंगावरचं कुंकू निघालं, पण टोपाखालच्या खाचेत, चेहऱ्यावर बसलेलं काही निघेना. सुईने कोरून पाहिलं, मग सोडून दिलं.

“मशीनखाली सापडला म्हणून सांगते,” मी तिला म्हटलं. “तू तोंड उघडू नकोस.”

मालक पिठाचा डबा घेऊन आले. घाम पुसून पाटापाशी बसले. मी तो त्यांच्यापुढे ठेवला.

“घ्या तुमचा पायलट. मशीनच्या पायाशी फरशीच्या फटीत होता. तुमच्या टॉर्चला दिसला नाही.”

त्यांनी पिठाचे हात झटकले. मग चिमट्याने धरून भिंगाखाली घेतला. कापलेली बाजू चौकटीच्या कापलेल्या जागेला लावून पाहिली. जुळली. मग नखाने त्याचा चेहरा खरवडला आणि नखाकडे पाहिलं. नख लाल झालं होतं. त्यांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं. कुंकवाने मला खाज सुटायची, म्हणून मी टिकली लावायला लागून बरीच वर्षं झाली होती. घरात कुंकू लावणारं कपाळ एकच होतं.

“फटीत होता?” त्यांनी विचारलं.

“हो.”

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. बारा वर्षं त्यांना म्हातारं होताना मी रोज थोडं थोडं पाहत आले होते. त्या दुपारी ते एका बैठकीत पाहिलं.

“कुंदा,” त्यांनी आत बघून हाक मारली. “इकडे ये, पोरी.”

ती उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

“बस इथे. कारखान्यात एक नियम असतो. ज्याने पाना नेला त्यानेच जमा करायचा. दुसऱ्याच्या हाती पाठवलेला घेत नाहीत.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मी बाजूच्या सुपातल्या तांदळाकडे पाहिलं.

“मामा, मी—”

“मी काही विचारलं का? बसव त्याला.”

ती बसली. मालकांनी त्या जागेवर सोल्युशनचा थेंब टाकला आणि चिमटा तिच्या हातात दिला. रोज सुईत दोरा ओवणारे हात ते. तिने त्याला बरोबर मधोमध बसवलं, नखाने हलकेच दाबलं आणि चिमटा पाटावर ठेवला.

“सगुणा,” मालक म्हणाले, “नीट बघून घे. आत काही राहिलं नाही ना?”

मी उघडी फाळ हातात घेतली. माझे हळदीचे ठिपके होते जागोजागी. त्यांच्या मधे तो बसला होता, हात गुडघ्यांवर, तोंड लाल. एवढ्याशा तोंडाला ना डोळे होते, ना नाक, ओळख पटावी असं काही नव्हतं. तरी मी बघत राहिले.

“अगं, वाळतंय. पास का?”

“पास,” मी म्हणाले.

त्यांनी दुसरी फाळ वरून मिटली आणि दोन्ही तळव्यांत धरून दाबून बसले. दोऱ्याने बांधा, मी म्हटलं. नको म्हणाले. मी धरते, कुंदा म्हणाली. नको म्हणाले. ऊन ओट्यावरून उतरून अंगणात गेलं, अंगणातून कुंपणावर गेलं, तरी ते तसेच बसून होते.

विधी आम्ही त्र्यंबकला केला. गुरुजींनी पळसाची पानं मांडून माणूस केला, दर्भाने बांधला. मला वाटलं होतं छोटासा असेल. चांगला पुरुषभर लांब होता. मालकांनी अग्नी दिला. हिरवट पानं, लवकर पेटेनात, नुसता धूर. विमान पिशवीत घालून बरोबर आणलं होतं त्यांनी. मला वाटलं, ते त्यावर ठेवतील. पण पिशवी मांडीवर घेऊन बसले आणि तशीच परत आणली.

कुंदाचं मंगळसूत्र मी माझ्या हाताने काढलं, भर दुपारी, दार उघडं ठेवून. बांगड्या फोडायला दोन बायका न बोलावता आल्या होत्या. त्यांना म्हटलं, “बसा, चहा घ्या आणि जा. बांगड्या नव्या आहेत, ती निफाडला घालील.”

अक्षयतृतीयेला ती गेली. मशीन तिच्याबरोबर जीपमध्ये चढवलं. जीप वळणावर दिसेनाशी झाली तशी मी आत जायला निघाले, तर मालक स्टूल घेऊन ओट्यावर आलेले. मशीनवरची दोऱ्याची एक रीळ कुंदा विसरून गेली होती, तिचे दोन दोरे त्यांनी वाशाला बांधले आणि विमान टांगलं. एक दोरा पुढे, एक मागे. नाक रस्त्याकडे.

“सोडलं,” ते म्हणाले, आणि स्टुलावरून उतरायला माझा हात धरला.

त्यानंतर दिगूचं नाव त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही. विमानाकडेही मान वर करून बघायचे नाहीत. पुढे ते गेले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. दहाव्याला कुंदा लेकीसारखी येऊन राहिली.

दर दिवाळीला ती येते, यशवंत येतो, त्यांची मुलगी येते. मला अजून आत्याबाईच म्हणते. मी म्हटलं, बदलू नकोस, तुझी जीभ वळलेली आहे. यायच्या आधी मी साफसफाई काढते. स्टुलावर चढून विमान खाली घेते, ओल्या फडक्याने पुसते, पायलटच्या डोक्यावरच्या काचेतून आत बघते. तोंडावरचं कुंकू फिकं झालंय, गेलेलं नाही.

गेल्या दिवाळीला कुंदा ओट्यावर कंदील लावत होती. लावता लावता थांबली.

“आत्याबाई, दोरा पिळला वाटतं. नाक घराकडे झालंय.” फिरवायला तिने हात वर केला.

“राहू दे,” मी म्हणाले.

तिने दोऱ्यांकडे पाहिलं. पुढे एक, मागे एक, दोन्ही सरळ, नव्या गाठींचे. दोन दोऱ्यांवर टांगलेली वस्तू आपणहून फिरत नाही, हे शिवणकाम करणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. तिने हात खाली घेतला आणि चहा टाकायला आत गेली.